गाडीचा हीटर थंड हवा देत असल्यास तपासणी कशी करावी

विदर्भात गाडीच्या हीटरची आठवण डिसेंबर-जानेवारीतच होते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. असे दिवस विरळाच, परंतु गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, मेळघाटात आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या घाटात पहाटेचा गारठा अंगावर काटा आणणारा असतो. वरूड-मोर्शीकडून संत्र्याचे क्रेट घेऊन रात्री निघालेल्या पिकअपला किंवा रुग्णाला घेऊन पहाटेच नागपूरची वाट धरणाऱ्या जीपला उबेपेक्षाही समोरची काच स्वच्छ राहण्याची गरज अधिक असते. नेमक्या त्याच वेळी बटण लाल खुणेपर्यंत फिरवूनही जाळीतून गार वारा येत राहतो.

अशा गाडीची तपासणी करताना एक गोष्ट प्रथमपासून ध्यानात ठेवावी. आपल्या भागात हीटर बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा मागच्या उन्हाळ्यात केलेल्या एखाद्या दुरुस्तीत सापडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की इंजिन तापते, एसी कमी पडतो, आणि गाडी कशीबशी चालती ठेवण्यासाठी गावातल्या गॅरेजमध्ये जे तोडगे काढले जातात, त्यांपैकी तीन-चार तोडगे थेट हीटरच्या मुळावर येतात. म्हणून हीटर तपासण्यापूर्वी गेल्या उन्हाळ्यात गाडीचे काय काय काम झाले होते, हे चालकाला किंवा मिस्त्रीला विचारून घ्यावे. नवा सुटा भाग आणण्याआधी केलेली ही विचारपूस पुष्कळ पैसे वाचवते.

हीटर गरम कशाने होतो

डिझेल किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या नेहमीच्या गाडीत हीटरसाठी वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून जे कूलंट फिरते, तेच तापलेले कूलंट दोन रबरी होजमधून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका लहान जाळीदार कॉइलमध्ये जाते आणि परत येते. ब्लोअरचा पंखा या कॉइलवरून हवा फेकतो आणि ती हवा गरम होऊन आत येते. कॉइलवरून किती हवा जावी हे एक झडप ठरवते. लाल-निळ्या खुणांचे बटण फिरवले की केबलने किंवा लहानशा मोटरने ही झडप हलते. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः जीपच्या धर्तीच्या गाड्यांत, कॉइलकडे जाणाऱ्या होजवर एक कॉकही असतो आणि बटण त्या कॉकला उघडते किंवा बंद करते.

म्हणजे गरम हवा येण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. इंजिन पुरेसे तापले पाहिजे, कूलंट पुरेसे असले पाहिजे, ते कॉइलपर्यंत पोहोचून परत आले पाहिजे, आणि हवा त्या कॉइलवरून गेली पाहिजे. पुढील सर्व तपासणी याच क्रमाने करायची आहे. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनीकडूनच केवळ ब्लोअर दिलेला असतो, हीटर दिलेलाच नसतो. जुनी गाडी घेतली असल्यास ही खात्री गाडीच्या पुस्तिकेतून आधीच करून घ्यावी.

हात लावण्यापूर्वी

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे (कूलंट थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचे) झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली असल्यामुळे पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षाही अधिक तापलेले असू शकते; झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर व हातांवर उसळते. इंजिन बंद करून किमान तासभर थांबावे, वरचा जाड होज दाबून तो मऊ आणि कोमट झाल्याची खात्री करावी, मग जाड फडके झाकणावर ठेवून ते हळूहळू फिरवावे. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून गळ्यातला दुपट्टा, मफलर किंवा शालीचा पदर बॉनेटखाली वाकण्यापूर्वी काढून ठेवावा.

आणखी दोन सूचना गावातल्या परिस्थितीमुळे आवश्यक आहेत. बंद शेडमध्ये किंवा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो. तसेच काढलेले कूलंट अंगणात ओतू नये किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नये. ते चवीला गोडसर असते, पण त्यातील इथिलिन ग्लायकॉल विषारी असल्याने कुत्री, शेळ्या किंवा वासरे ते प्यायल्यास दगावू शकतात.

बसल्या जागेवरून करायची पाहणी

सकाळी गाडी थंड असताना सुरू करावी, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, ब्लोअर मधल्या गतीवर ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटे गाडी रस्त्यावर चालवावी. एका जागी उभ्या गाडीत इंजिन घुरघुरत ठेवून हीटरची परीक्षा घेऊ नये. डिझेल इंजिन भाराशिवाय फार हळू तापते, आणि नव्या पद्धतीची डिझेल इंजिने तर उभ्या स्थितीत इतकी कमी उष्णता देतात की चांगला हीटरही कोमटच वाटतो. या फेरीत तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, हवा येते का. हवाच येत नसेल किंवा फक्त सर्वांत मोठ्या गतीवर येत असेल, तर दोष ब्लोअरच्या फ्यूजचा, मोटरचा किंवा तिची गती कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरचा आहे, कूलंटचा त्याच्याशी संबंध नाही. हवा गरम असून अगदी मंद येत असेल, तर केबिनच्या हवेची फिल्टर जाळी पाहावी. कापूस वेचणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीची ही जाळी धूळ आणि कापसाच्या तंतूंनी गादीसारखी भरून जाते. घराजवळ धान्य किंवा सरकी साठवलेली असल्यास उंदीर ब्लोअरच्या खोक्यात घर करतात, आणि पाने-चिंध्या-शेंगांची टरफले असा ऐवज तेथून निघतो. ब्लोअर लावताच कुबट वास आणि फडफड असा आवाज आला की आधी तेथेच पाहावे.

दुसरी, तापमानाचा काटा कोठे उभा राहतो. बहुतेक गाड्यांत काटा मध्याच्या आसपास येऊन स्थिरावतो. काही नव्या गाड्यांत काटा नसून निळा दिवा असतो. तो इंजिन तापल्यावर विझला पाहिजे. काटा खालीच रेंगाळत असेल किंवा सरळ रस्त्यावर गाडीने वेग घेताच खाली पडत असेल, तर हीटरच्या कॉइलकडे जाण्याची गरज नाही. दोष इंजिनाच्याच तापमानात आहे.

तिसरी, हवेतील बदल कशाबरोबर होतो. गाडी पळताना हवा गरम आणि सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकावर उभी राहताच गार, असा प्रकार असल्यास कूलंट कमी असण्याची, नळ्यांत हवा अडकल्याची किंवा वॉटर पंप कमजोर झाल्याची शक्यता अधिक. बटण कोणत्याही जागी ठेवले तरी हवेत काहीच फरक पडत नसेल, तर झडपेचा किंवा केबलचा संशय घ्यावा.

काटा वर चढत नसेल तर

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट बसवलेला असतो. आपल्याकडे मिस्त्री त्याला थर्मोस्टॅट वॉल म्हणतात. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरून लवकर तापते. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, मॉडेलनुसार, तो उघडू लागतो. हा थर्मोस्टॅट उघडाच अडकला किंवा काढूनच टाकला, तर थंड हवामानात कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन हवे तसे तापतच नाही.

‘गाडी गरम होते, वॉल काढून टाका’ हा सल्ला विदर्भातल्या गॅरेजांत इतका सर्रास दिला जातो की जुन्या काळी-पिवळी जीपमध्ये थर्मोस्टॅट शाबूत सापडला तर नवल वाटावे. हा सल्ला चुकीचा आहे, हे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. इंजिन तापण्याची खरी कारणे चोक झालेला रेडिएटर, कमजोर पंप, न फिरणारा पंखा, सैल झाकण किंवा खराब हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) ही असतात. थर्मोस्टॅट काढल्याने त्यांपैकी एकही दूर होत नाही. उलट काही इंजिनांत थर्मोस्टॅटचाच खालचा चकतीसारखा भाग बायपासचा मार्ग बंद करतो, आणि तो नसला की कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला टाळून परत इंजिनात जातो, त्यामुळे उन्हाळ्यात अशी गाडी आधीपेक्षा अधिक तापते. कायम गार चालणारे इंजिन डिझेल जास्त खाते, त्याची झीज वाढते आणि तेल लवकर खराब होते. रेडिएटरचा पंखा सेन्सर सोडून थेट जोडून ‘डायरेक्ट’ केलेला असेल आणि वॉलही काढलेला असेल, तर त्या गाडीला जानेवारीत हीटर असून नसल्यासारखाच.

थर्मोस्टॅट आहे की नाही हे खोलल्याशिवायही ओळखता येते. थंड गाडी सुरू करून बॉनेट उघडावे आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजला दर मिनिटाला हात लावून पाहावे. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा होज बराच वेळ गारच राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो. पहिल्यापासून तो हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा अडकलेला आहे किंवा जागेवर नाही. थर्मोस्टॅट खालच्या होजकडे बसवलेल्या काही इंजिनांत ही परीक्षा त्या होजवर घ्यावी लागते.

काढलेला थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने अधांतरी सोडावा, म्हणजे बुडाला टेकणार नाही, आणि पाणी तापवत स्वयंपाकघरातल्या नव्हे तर वेगळ्या तापमापकाने तापमान पाहावे. त्याच्या कडेवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला, तर तो चांगला समजावा. गार पाण्यातच फट दिसत असेल तर बदलावा. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे राहील, कडेवरचे हवेचे लहान छिद्र वरच्या अंगाला येईल आणि गॅस्केट नवीच असेल, याकडे लक्ष द्यावे. हा भाग हीटरच्या इतर भागांच्या मानाने स्वस्त आहे.

कूलंटची पातळी आणि अडकलेली हवा

काटा नेहमीच्या जागी येत असेल आणि तरीही हवा गार असेल, तर थंड इंजिनावर कूलंटच्या बाटलीतील पातळी पाहावी. ती खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असली पाहिजे. केवळ बाटलीवर विसंबू नये, कारण झाकण खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा अशी स्थिती येते; झाकण असलेल्या रेडिएटरमध्ये थंड असताना आतही डोकावावे. पातळी कमी झाली की कॉइलला पुरवठा आधी तुटतो, कारण अनेक गाड्यांत ती बरीच उंचावर असते, आणि विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरत असूनही पाणी येत नाही, तसेच हीटरचे होते. गाडी सुरू करताच डॅशबोर्डमागे खळखळ किंवा झुळझुळ असा आवाज येत असेल तर आत हवा आहे, असे खुशाल समजावे.

कूलंट भरण्याआधी ते गेले कोठे, हे शोधावे. होजच्या क्लिपांजवळ, वॉटर पंपाच्या खाली आणि रेडिएटरच्या कडांना हिरवट, गुलाबी किंवा पांढरट सुकलेले डाग दिसतात का ते पाहावे. डावीकडील प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला किंवा चिकट असेल, केबिनमध्ये गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट थर जमत असेल, तर हीटरची कॉइलच गळत आहे.

हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड वर येईल अशा चढावर गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांमागे दगड लावावेत, थंड इंजिनावर झाकण उघडावे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतील आणि पातळी खाली जाईल. तितके कूलंट सावकाश भरत जावे. हीटरचे होज हाताने अधूनमधून दाबल्यास अडकलेली हवा पुढे सरकते. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाला, बुडबुडे थांबले आणि आत गरम हवा येऊ लागली की झाकण लावावे. कूलंट तोंडाशी उसळू लागले किंवा काटा मध्याच्या वर चढला, तर वाट न पाहता इंजिन बंद करावे. काही इंजिनांवर हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू दिलेला असतो; पुस्तिकेत तो दाखवलेला असल्यास त्यातूनच हवा काढणे सोपे. रेडिएटरला झाकणच नसून दाबाची बाटली असलेल्या गाड्यांत पुस्तिकेतलीच पद्धत पाळावी.

बुडबुडे संपतच नसतील, मागून पांढरा धूर येत असेल किंवा इंजिन तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा प्रश्न असण्याची शक्यता आहे. तेथे घरची दुरुस्ती थांबवून गाडी चांगल्या गॅरेजकडे न्यावी, आणि शक्यतो चालवत नेऊ नये.

दोन होज सांगतात ते

इंजिन आणि कूलंट दोन्ही ठीक असतील, तर संपूर्ण तपासणीतील सर्वांत उपयुक्त परीक्षा पुढे येते, आणि तिला हातांखेरीज कोणतेही हत्यार लागत नाही. गाडी चांगली तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवूनच इंजिन बंद करावे. बॉनेटखाली केबिनच्या भिंतीकडे पाहिल्यास अंगठ्याएवढे दोन होज शेजारी-शेजारी भिंतीत शिरताना दिसतील. दोन्हींना आधी बोटांच्या टोकांनी आणि मग सोसवेल तसा तळहात लावून पाहावे.

दोन्ही होज कढत असतील तर गरम कूलंट कॉइलमधून व्यवस्थित फिरत आहे. दोष झडपेचा किंवा केबलचा. एक कढत आणि दुसरा गार असेल तर कूलंट येते पण पुढे सरकत नाही. कॉइल चोक झाली आहे किंवा कॉक अर्धवट बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट तेथवर पोहोचतच नाही, आणि येथे पुन्हा गेल्या उन्हाळ्याकडे वळावे लागते.

कॉक असलेल्या गाडीत तो एप्रिलमध्ये हाताने बंद करून मग विसरला गेलेला असतो. कॉक नसलेल्या गाडीत होज काढून परस्पर जोडलेले सापडतात. हे कसे दिसते ते नीट सांगितले पाहिजे, कारण अनेक मालकांना आपल्या गाडीचा हीटर असा तोडलेला आहे याची कल्पनाच नसते. इंजिनाकडून येणारा होज भिंतीकडे न जाता अर्धवर्तुळ घेऊन पुन्हा इंजिनाकडेच वळलेला असतो, किंवा दोन होज मध्ये लोखंडी नळीचा तुकडा घालून क्लिपांनी आवळलेले असतात. भिंतीतून बाहेर आलेली कॉइलची दोन तोंडे मात्र उघडी, धुळीने माखलेली, किंवा चिंधी कोंबून बंद केलेली असतात. कॉइल गळत होती म्हणून, किंवा तिची धग केबिनमध्ये येऊन एसी कमी पडत होता म्हणून, हे केलेले असते. तातडीची सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण गाडी परत देताना सांगायला हवे होते.

होज पुन्हा जोडण्यापूर्वी कॉइल गळते की नाही याची परीक्षा घ्यावी. एका तोंडाला होज लावून त्यात स्वच्छ पाणी भरावे, दुसरे तोंड बोटाने बंद करून तोंडाने हलकी फुंकर मारावी आणि आत पायाशी पाणी झिरपते का ते पाहावे. फुंकर मारण्याआधी आतील जुने कूलंट पूर्ण धुऊन काढावे. गळत नसेल तर होज आणि क्लिपा नव्या घेऊन जोडणी करावी. ४५ अंशांच्या उन्हात वर्षे काढलेले रबर दाबल्यावर कडक लागते किंवा कडेला भेगा दाखवते, आणि असा होज पुन्हा जोडल्यास पुढच्याच खड्ड्यात तो सुटण्याचा धोका असतो.

कॉइल चोक होण्याचे कारण पाण्यात

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा आहे. तेथील भूजल खारे आहे, आणि विदर्भाच्या इतर भागांतही बोअरचे पाणी बहुधा जडच असते. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला’ असे म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणारे पुष्कळ आहेत. बर्फाचा मुद्दा खरा असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. कूलंट पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातच त्याची खरी गरज आहे, आणि त्यातील रसायने ॲल्युमिनियम व लोखंड गंजण्यापासून वाचवतात. जड पाणी तापले की त्यातील क्षार पातळ थराने आतल्या भिंतींवर बसतात. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला भोके पाडते. हीटरच्या कॉइलमधल्या नळ्या रेडिएटरपेक्षा अरुंद असल्याने प्रथम त्या बंद होतात.

चोक झालेली कॉइल उलट्या दिशेने धुवावी. दोन्ही होज काढून, ज्या तोंडातून कूलंट बाहेर पडते त्यातून पाणी आत सोडावे, म्हणजे बसलेला गाळ आल्या वाटेने मागे ढकलला जातो. पाण्याचा दाब बागेला पाणी घालण्याच्या नळीइतकाच ठेवावा; गाडी धुण्याचा प्रेशर पंप किंवा कॉम्प्रेसरची हवा लावल्यास कॉइल फुटते, आणि ती बदलण्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आधी तांबूस, चिखलासारखे पाणी येईल; ते स्वच्छ होईपर्यंत आणि धार मोकळी होईपर्यंत दिशा बदलत धुवावे. शेवटचे धुणे साध्या पाण्याने न करता बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे क्षारविरहित पाण्याने करावे. संडास धुण्याचे ॲसिड किंवा बॅटरीचे ॲसिड आत ओतण्याचा प्रयोग कोणी सुचवल्यास तो ऐकू नये, कारण ॲसिड क्षारांबरोबर ॲल्युमिनियमही खाते.

नंतर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे. ते तयार मिश्रण आहे की पाणी घालायचे दाट कूलंट, हे डब्यावर वाचावे. दाट असल्यास साधारणपणे निम्मे कूलंट आणि निम्मे क्षारविरहित पाणी असे प्रमाण ठेवतात. रंगावरून प्रकार ठरवू नये आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. न जुळणारी कूलंट एकत्र आल्यास गाळ धरू शकतो.

दोन्ही होज गरम असूनही हवा गार

चालकाच्या किंवा शेजारच्या प्रवाशाच्या पायाजवळ, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला डोके घालून टॉर्चने पाहावे आणि दुसऱ्या कोणाला तापमानाचे बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे. हीटरच्या काळ्या खोक्याच्या बाजूला एक लहान दांडी हलताना दिसेल; बटणाबरोबर तिने पूर्ण फेरा घेतला पाहिजे. बटण लोण्यातून फिरल्यासारखे सहज फिरत असेल आणि दांडी जागची हलत नसेल, तर केबल निसटली आहे. कित्येकदा आतली तार ठीक असते, पण तिच्या बाहेरच्या आवरणाला धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली असते, त्यामुळे बटण फिरवले की तारेऐवजी संपूर्ण केबलच पुढे-मागे सरकते. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डचे प्लास्टिक ठिसूळ होते, हे त्यामागचे कारण. क्लिप मिळेपर्यंत बारीक तारेने आवरण जागेवर बांधून काम भागते. दांडी हाताने गरमच्या बाजूला लोटल्यावर हवा लगेच गरम झाली, तर निदान पक्के झाले.

मोटरवर चालणाऱ्या झडपेच्या गाडीत बटण फिरवताना डॅशबोर्डमागून टक-टक असा आवाज येत राहिला तर मोटरचे दाते झिजले आहेत. असा भाग दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत काच स्वच्छ ठेवण्यासाठी

सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही आणि नागपूर-अमरावतीहून यायला वेळ लागतो, म्हणून ही सोय माहीत असावी. काचेवर आतून जमणारी वाफ माणसांच्या श्वासातली आणि ओल्या चपला-कांबळ्यांतली असते. एसी हवेतील बाष्प काढून घेतो, म्हणून थंडी वाजली तरी हवा समोरच्या काचेकडे वळवून काही वेळ एसी लावावा. हवा आतल्या आत फिरवणारे बटण बंद ठेवून बाहेरची हवा घ्यावी. ते चालू राहिल्यास हीटर चांगला असलेल्या गाडीतही काच धुरकट होते. एसी नसेल तर पुढच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्या. काच आतून कोरड्या सुती फडक्याने पुसावी, तळहाताने पुसू नये, कारण हाताचा तेलकटपणा राहिला की समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या जागी पसरून दिसतात. रेडिएटरसमोर पोते किंवा पुठ्ठा बांधून इंजिन गरम ठेवण्याची जुन्या चालकांची युक्ती थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीत पहाटे उपयोगी पडते, मात्र पोते अर्ध्याच भागावर असावे, काट्यावर नजर राहावी आणि ऊन चढताच ते काढून टाकावे.